दगड नोक-सूवरच का पडले?

1506च्या सप्टेंबरमध्ये कोरियातल्या जोसॉन राज्याच्या राजधानीत, म्हणजे आजच्या सोलमध्ये, एका रात्रीत सत्ता उलटली. जवळपास बारा वर्षं राज्य केलेल्या यॉनसानगुनला त्याच्याच दरबारातल्या सरदारांनी गादीवरून खाली ओढलं आणि त्याच्या धाकट्या सावत्र भावाला गादीवर बसवलं. पदच्युत राजाचा जीव त्यांनी घेतला नाही. त्याची रवानगी गांगह्वाजवळच्या ग्योदोंग बेटावर झाली आणि दोनेक महिन्यांत तो तिथे वारला. त्याची लाडकी उपपत्नी जांग नोक-सू हिचं मुंडकं मात्र त्याच दिवशी शस्त्रागाराच्या कचेरीसमोर उडवलं गेलं. लोकांनी तिच्या आणि तिच्याबरोबर मारलेल्या इतर स्त्रियांच्या प्रेतांवर, नेमकं गुह्यांगावर, दगड आणि फुटकी कौलं फेकली. ‘साऱ्या देशाचं रक्तमांस इथे जिरलं,’ असं म्हणत लोक फेकत होते आणि बघता बघता तिथे दगडांची रास झाली, अशी नोंद दरबारी इतिवृत्तात आहे.

जुलूम राजाने केला होता. त्याच्या शिक्षेला बेटावरचं घर होतं, पहारा होता, मेल्यावर दफन होतं. दगड खाल्ले ते गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या एका बाईच्या देहाने. ही विषमता ज्या विचारातून आली, तो विचार यॉनसानगुनच्या आधी होता आणि त्याच्यानंतरही शाबूत राहिला, असं माझं म्हणणं आहे. तो विचार आज आपण ज्या पद्धतीने या गोष्टी सांगतो आणि बघतो तिच्यातही मुरलेला आहे. म्हणून हा विषय फक्त कोरियाच्या इतिहासप्रेमींचा राहत नाही.

कोरियन ऐतिहासिक मालिका आता मराठी घरांतही बघितल्या जातात. जेवण उरकून मायलेकी एकत्र बसून बघतात आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींशी त्यावर बोलतात. यॉनसानगुनचा काळ हा त्या मालिकांचा आवडता काळ. त्यांतली कथा साधारण ठरलेली असते. राणी मत्सरी असते, सासू कठोर असते, सवती कपटी असतात. त्यांच्या भांडणात राणीला विष देऊन मारलं जातं. तिचा मुलगा राजा होतो, रक्ताने माखलेला रुमाल त्याच्या हाती पडतो, आईचा अंत कसा झाला ते त्याला कळतं आणि तो पिसाळतो. मग एक नाचणारी बाई त्याला नादी लावते आणि राज्य बुडतं. कैकेयी-मंथरेवर वाढलेल्या आपल्या मनाला ही मांडणी चटकन पटते. माजघरातल्या बायकांच्या कुरबुरींनी एका पोराचं डोकं फिरवलं, असा एकूण निष्कर्ष निघतो.

रक्ताळलेला रुमाल दंतकथेतला आहे. आणि राजाला सत्य अचानक, वयाची पंचविशी उलटल्यावर कळलं, हेही खरं नाही. 1495 साली, गादीवर आल्यानंतर काही महिन्यांतच, वडिलांच्या समाधीसाठी तयार झालेला मजकूर वाचताना आपली जन्मदात्री पदच्युत होऊन मेली हे त्याला समजलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही, अशी स्पष्ट नोंद आहे. त्यानंतर नऊ वर्षं त्याने त्या कारणावरून कुणाला मारलं नाही. 1498 साली त्याने विद्वानांची पहिली कत्तल केली ती एका इतिहासकाराच्या टिपणातल्या मजकुरावरून, आईशी तिचा संबंध नव्हता. 1504ची कत्तल झाली तेव्हा त्याचा खजिना रिकामा होत आला होता, सरदार घराण्यांकडे जमिनी आणि गुलाम साठले होते, आणि बोलणाऱ्यांची तोंडं त्याला बंद करायची होती. आईचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण त्या दुःखाचा दाखला त्याने त्याला हवा तेव्हा बाहेर काढला. एका मेलेल्या बाईच्या नावावर दोनशेहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या आणि त्यांतले निम्म्याहून जास्त जिवाला मुकले. मारणारा हात तिचा नव्हता, तरी नाव तिचंच पुढे राहिलं.

ही बाई कोण होती? पतित राणी युन. राणीपद काढून घेतल्यामुळे इतिहासात तिला स्वतःचं नाव उरलेलं नाही, फक्त माहेरचं आडनाव उरलं. वडील लवकर वारलेले, माहेर बेताचं. 1473 साली ती राजा सॉन्गजोंगची कनिष्ठ पत्नी म्हणून राजवाड्यात आली. पहिली राणी 1474 साली वारली. 1476 साली युन पट्टराणी झाली आणि त्याच वर्षी तिला मुलगा झाला, तोच पुढचा यॉनसानगुन. म्हणजे राणीपद तिला मिळालं तेव्हा ती गरोदर होती. पाठीशी घराणं नसलेल्या बाईच्या हातात एवढा एकच हुकमी पत्ता होता, आणि तो पत्ता आजूबाजूच्या प्रत्येक स्त्रीच्या पोटात असू शकत होता. सॉन्गजोंगला एकूण पंचवीसहून अधिक मुलं झाली. दुसरी एखादी मुलगा घेऊन पुढे आली तर आपलं आणि आपल्या लेकाचं काय होईल, ही भीती अशा घरात मत्सर या शब्दात मावत नाही.

1477 साली एक निनावी पत्र सापडलं. ऑम आणि जॉन्ग या दोन उपपत्नी राणीला आणि तिच्या मुलाला मारायच्या खटपटीत आहेत, असं त्यात लिहिलेलं होतं. चौकशीचा रोख फिरला तो राणीवरच, कारण तिच्याकडे सोमल आणि जादूटोण्याचा ग्रंथ मिळाला. दासींना कठोर शिक्षा झाली. दोन वर्षांनी, 1479 साली, राजाने तिचं राणीपद काढून माहेरी धाडलं. मंत्र्यांनी विनवण्या केल्या, ती वारसाची आई आहे असं परोपरीने सांगितलं, पण उपयोग झाला नाही. 1482 साली काही अधिकाऱ्यांनी तिच्या राहण्याची जरा बरी व्यवस्था करावी असं सुचवलं, तेव्हा राजाला निराळीच धास्ती वाटली. उद्या मुलगा मोठा होऊन गादीवर बसला की ही बाई काय करील? तिला विषाचा प्याला पाठवण्यात आला. ती अजून काहीही करणार होती की नव्हती, याचा विचार कुणी केला नाही.

हे सारं करणारा राजा जुलमी म्हणून ओळखला जात नाही. सॉन्गजोंग हा जोसॉनच्या चांगल्या राजांत गणला जातो. विद्येचा आश्रयदाता, मंत्र्यांचं ऐकणारा, राज्याची मोठी कायदेसंहिता पूर्ण करून 1485 साली अमलात आणणारा. त्याच संहितेत पुनर्विवाह केलेल्या बाईच्या मुलांना अधिकारीपदाच्या परीक्षांची दारं बंद करण्यात आली. बाईने दुसरं लग्न केलं तर शिक्षा तिच्या लेकाला. त्याच्याच कारकिर्दीत 1480 साली उऊदोंग नावाच्या उच्चकुलीन स्त्रीला अनेक पुरुषांशी संबंध ठेवल्याबद्दल देहदंड झाला. त्या पुरुषांतले बहुतेक किरकोळ शिक्षेवर सुटले, काही पुढे पुन्हा अधिकारपदावर आले. मुलगा राक्षस निघाला म्हणून बापाचं राज्य झळाळून दिसतं. पण यॉनसानगुनने बायकांविरुद्ध वापरलेलं जवळजवळ प्रत्येक हत्यार त्याला घरात तयार मिळालं होतं.

आता सासूकडे येऊ. तिच्याबद्दल लिहिताना माझं मन सगळ्यात जास्त घोटाळतं. राजमाता इन्सू, माहेरची हान. जन्म 1437चा. तिच्या दोन आत्या चीनच्या मिंग सम्राटांना नजराणा म्हणून पाठवल्या गेल्या होत्या. थोरली 1417 साली गेली. योंगल सम्राट 1424 साली मेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या अंतःपुरातल्या स्त्रियांना फास लावून मारलं, त्यांत ती होती. एवढं झाल्यावरही काही वर्षांनी धाकटीला दुसऱ्या सम्राटासाठी पाठवलं गेलं. ती चीनमध्येच म्हातारी होऊन 1483 साली वारली. या दोघींच्या जिवावर त्यांच्या भावाचं, म्हणजे इन्सूच्या वडिलांचं, दरबारात वजन वाढलं आणि त्या वजनातून इन्सू युवराजाची पत्नी झाली. विशीतच तिचा नवरा वारला आणि तिला मुलांसह राजवाडा सोडावा लागला. पुढे बारा वर्षांनी, 1469 साली, तिचा धाकटा मुलगा राजा झाला तेव्हा ती परत आली. मुलगी, सून आणि विधवा यांची या व्यवस्थेत किंमत काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

1475 साली या बाईने स्त्रियांसाठी वर्तनाचा ग्रंथ सिद्ध केला, ‘नेहून’ त्याचं नाव. चिनी ग्रंथांतले वेचे घेऊन ते कोरियन लिपीत समजावून सांगणारा. स्त्रीने कसं बोलावं, सासूसासऱ्यांशी कसं वागावं, नवऱ्याला कसं मानावं. प्रस्तावनेत तिने म्हटलं आहे की राज्याचा उदय आणि नाश पुरुषाच्या शहाणपणावर असतोच, पण स्त्री चांगली की वाईट यावरही असतो. शिकण्याचा हक्क मागताना बाईने हा युक्तिवाद करावा, हे मी समजू शकते. बायकांनाही शिकवा, कारण राज्य आमच्यामुळेही तरतं, असं तिला म्हणायचं असावं. पण या वाक्याची दुसरी बाजू भयंकर आहे. राज्य बाईमुळे तरत असेल तर राज्य बुडाल्यावर बाईलाच जबाबदार धरता येतं. तिची सून या कसोटीला उतरली नाही. सुनेचे दोष सांगणारी राजमातांची पत्रं त्याच कोरियन लिपीत लिहून मंत्र्यांसमोर वाचली गेली. आणि एकतीस वर्षांनी नोक-सूवर दगड फेकणारे लोक हाच युक्तिवाद आपल्या भाषेत बोलत होते. इन्सूने एका बाईच्या नाशाला हातभार लावला हे खरं आहे आणि ते लपवू नये. पण तिच्यासमोर जी वाट खुली होती ती एकच होती. राजाची आई म्हणून तिला बोलता येत होतं, आणि राजाची आई म्हणून ती जे बोलू शकत होती ते पुरुषांच्या घराण्याच्या हिताचंच असायला हवं होतं.

1504च्या वसंतातली एक रात्र या सगळ्याचा हिशेब मांडते. राजाने ऑम आणि जॉन्ग या वडिलांच्या दोन उपपत्नींना अंगणात बांधायला लावलं. त्याने स्वतः त्यांना मारलं, तुडवलं. मग जॉन्गच्या दोन मुलांना, म्हणजे आपल्याच सावत्र भावांना, आनयांग आणि बोंगआन या राजपुत्रांना, बोलावून ‘या गुन्हेगारांना मारा’ असा हुकूम केला. काळोख होता. आनयांगला कोण ते कळलं नाही, त्याने मारलं. बोंगआनने आईला ओळखलं, त्याचा हात उठेना. तेव्हा राजाने दुसऱ्यांकरवी त्या दोघींना मारून टाकलं. नंतर त्यांची प्रेतं तोडून, खारवून, डोंगरात विखरून टाकायला लावली. त्याच रात्री तो हातात तलवार घेऊन आपल्या सावत्र आईच्या, राजमाता जासुनच्या, महालाबाहेर उभा राहून तिला बाहेर येण्यासाठी ओरडत होता. दासी पळाल्या. मग त्या दोन राजपुत्रांना केसांना धरून ओढत तो आजीच्या, इन्सूच्या, महालात गेला आणि तिला विचारलं की तुम्ही माझ्या आईला का मारलंत? महिन्याभराने इन्सू वारली. तिच्या सुतकाचे महिने त्याने दिवसांवर आणले.

या रात्रीच्या वर्णनात एक बाई येते आणि एका वाक्यात निघून जाते. राजमाता जासुनच्या दाराशी राजा तलवार घेऊन उभा असताना त्याची राणी, शिन घराण्यातली, मागून धावत आली आणि तिने जिवाच्या आकांताने मध्ये पडून सासूला वाचवलं. दरबारातले शेकडो पुरुष मान खाली घालून होते. बोलण्यावर राजाने निर्बंध घातले होते. तोंड हे संकटाचं दार आणि जीभ ही देह कापणारी सुरी, अशा अर्थाची कविता लिहिलेल्या पट्ट्या गळ्यात घालायला लावल्या होत्या. त्या रात्री तलवारीपुढे उभी राहिली ती एक सून, सासूसाठी. कपटी बायकांच्या कथेत हे दृश्य बसत नाही, म्हणून ते फारसं रंगवलं जात नाही. माझ्या लेखी त्या राजवाड्यातल्या साऱ्या घडामोडींत एवढी धैर्याची दुसरी गोष्ट सापडणं कठीण आहे.

कत्तलीची झळ बायकांना आणखी कुठून कुठून लागली ते बघण्यासारखं आहे. एक कारण तर मुलीचंच होतं. होंग ग्वी-दाल या वृद्ध अधिकाऱ्याला आपली नात राजवाड्यात पाठवण्याचा हुकूम झाला. नात आजारी आहे असं त्याने कळवलं. त्याबद्दल त्याला हद्दपार केलं आणि पुढे मारलं. ज्या घरांतले पुरुष मारले गेले त्या घरांतल्या बायकामुलींना गुलाम करण्याची त्या काळच्या कायद्यात तरतूदच होती. शिवाय प्रांतोप्रांती अधिकारी पाठवून तरुण मुली आणि कलावंतिणी गोळा केल्या गेल्या. त्यांना गाणं, नाच, वाद्यं शिकवून राजवाड्यात ठेवलं जाई, त्यांच्या खर्चाचा बोजा रयतेवर पडे आणि रयतेचा राग त्यांच्यावर निघे. मुली गोळा करणाऱ्यांना बढत्या मिळत. उच्चविद्येचं पीठ जे सॉन्गग्युनग्वान, तिथून विद्यार्थी हाकलून ते मेजवान्यांसाठी वापरलं गेलं. विद्यार्थ्यांच्या हालांबद्दल तेव्हाच्या विद्वानांनी पोटतिडिकेने लिहिलं आहे. गावागावातून आणलेल्या मुलींना घराची आठवण येत होती का, याबद्दल लिहिलेलं काही हाती येत नाही.

आता नोक-सू. तिची बाजू घेताना तिला निरागस ठरवायचा मोह मी टाळते, कारण ती निरागस नव्हती. बाप छोटा अधिकारी, आई हीन दर्जाची, म्हणून मुलीचा दर्जाही हीन. एका राजपुत्राच्या घरी ती गुलाम होती. तिथल्याच एका गुलामाशी तिचं लग्न झालं होतं, मुलगाही होता. मग ती नाचगाणं शिकली. ओठ न हलवता स्वच्छ गाते अशी तिची ख्याती झाली. तिशीची असून सोळाची वाटायची, असं इतिवृत्तात म्हटलं आहे. राजवाड्यात येऊन काही वर्षांत तिने वरचे हुद्दे मिळवले. राजाला ती लहान मुलासारखी वागवी, रागावे, आणि राजा कितीही संतापला असला तरी तिला बघून हसे, अशीही नोंद आहे. तिच्या नातलगांनी आणि तिच्या नावावर माणसांनी लोकांची घरं-जमिनी बळकावल्या. 1505 साली ओक-जी-ह्वा नावाच्या एका कलावंतिणीचा पाय नोक-सूच्या घागऱ्यावर पडला, म्हणून त्या कलावंतिणीचा शिरच्छेद झाला. हे वाचल्यावर नोक-सूबद्दल कळवळा टिकवणं सोपं जात नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. व्यवस्था, व्यवस्था म्हणून तुम्ही माणसाचा दोष पुसून टाकता; घागऱ्यावर पाय पडला म्हणून मान कापायला लावणारी बाई दोषीच आहे. हो, आहे. ओक-जी-ह्वाच्या मृत्यूचा जाब नोक-सूने द्यायला हवा होता आणि तो तिला कायद्यापुढे विचारला गेला असता तर माझी काही तक्रार नव्हती. पण तिच्या प्रेतावर दगड फेकणाऱ्यांनी ओक-जी-ह्वाचं नाव घेतलं नाही. त्यांनी तिला अख्ख्या देशाच्या लुटीसाठी शिक्षा दिली आणि ती दिली तिच्या गुप्तांगाला. करवसुली तिने ठरवली नव्हती. शिकारीसाठी गावं उठवण्याचे हुकूम तिने काढले नव्हते. सल्लागारांची खाती तिने बंद केली नव्हती. या प्रत्येक हुकमाची अंमलबजावणी करणारे, शिक्के मारणारे, पालख्या उचलायला लावणारे शेकडो अधिकारी होते आणि त्यांतले पुष्कळजण सत्तापालटाच्या रात्री बाजू बदलून दुसऱ्या दिवशी नव्या राजाचे पराक्रमी सेवक झाले. बाईच्या खऱ्या गुन्ह्याची शिक्षा आणि पुरुषांच्या गुन्ह्याचं तिच्यावर लोटलेलं ओझं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. त्या एकत्र केल्या की खरा गुन्हाही विसरला जातो आणि ओक-जी-ह्वालाही न्याय मिळत नाही.

पुराव्याचंही बघायला हवं. यॉनसानगुनच्या कारकिर्दीचं दरबारी इतिवृत्त त्याला पदच्युत करणाऱ्यांच्या अमलाखाली लिहून 1509 साली पूर्ण झालं. इतर राजांच्या इतिवृत्तासारखं सन्मानाचं नावही त्याला दिलं नाही, त्याला नुसती रोजनिशी म्हटलं गेलं. याचा अर्थ ते खोटं आहे असा नाही. जोसॉनच्या इतिहासलेखकांची शिस्त विलक्षण होती आणि बारीकसारीक तपशील त्यांनी जपले, म्हणून तर आज मी हे लिहू शकते. पण बायकांबद्दलच्या मजकुरात अफवा आणि नोंद यांची सरमिसळ सहज होते. सत्तापालटाचा एक म्होरक्या पार्क वॉन-जोंग. त्याची बहीण राजाच्या चुलत्याची विधवा होती, तिने युवराजाचा सांभाळ केला होता. सत्तापालटाआधी दोनेक महिने ती वारली. राजापासून तिला दिवस गेले म्हणून तिने विष घेतलं, असं लोक म्हणत होते, असं इतिवृत्तात आहे. पन्नाशी ओलांडलेली, आजारी बाई. आधुनिक इतिहासकारांनी यावर शंका घेतली आहे आणि मलाही ती रास्त वाटते. भावाच्या बंडाला बहिणीच्या अब्रूचं कारण मिळालं की बंड पवित्र होतं. ती कशाने मेली हे विचारायला तेव्हा कुणाला सवड नव्हती, आणि ही कहाणी आजही डोळे मिटून सांगितली जाते.

मला या काळातल्या ज्या बायकांबद्दल सगळ्यात जास्त वाचावंसं वाटतं, त्या राणी नव्हत्या की उपपत्नी नव्हत्या. जोसॉनमध्ये पुरुष वैद्याने परस्त्रीला हात लावायचा नाही म्हणून हीन दर्जाच्या मुलींना वैद्यक शिकवून तयार केलं जाई. या वैद्यिणींना यॉनसानगुनच्या काळात मेजवान्यांतही नाचायला उभं केलं जाऊ लागलं. 1504च्या उन्हाळ्यात राणीच्या भावाच्या घरी काही निनावी कागद टाकले गेले, कोरियन लिपीत लिहिलेले. गेगुम, दॉकगुम, गोओंजी अशा वैद्यिणी दारू पीत बसल्या आहेत आणि बोलत आहेत, असं त्यांत लिहिलेलं होतं. गेगुम म्हणते, आधीचे राजे धामधुमीच्या काळातही एवढी माणसं मारत नव्हते, आपला हा राजा कसला, की माशीचं मुंडकं तोडावं तशी माणसं मारतो? राजाने काय केलं? त्याने त्या लिपीवरच बंदी घातली. ती शिकवायची नाही, शिकायची नाही, ज्यांना येते त्यांची नावं कळवा, त्यांचं हस्ताक्षर ताडून बघा, त्या लिपीतल्या टिपा असलेली पुस्तकं जाळा. दरबारी पुरुषांची लिखापढी चिनी अक्षरांत चाले. साठ वर्षांपूर्वी तयार झालेली ही सोपी लिपी राजवाड्यातल्या बायका आणि सामान्य माणसं वापरत.

ते कागद कुणी लिहिले हे कधीच सापडलं नाही. वैद्यिणींनी खरंच ते शब्द उच्चारले, की त्यांना अडकवण्यासाठी कुणी ते त्यांच्या तोंडी घातले, हेही ठरवता येत नाही. त्यांची धरपकड आणि चौकशी झाली. पण राजाच्या तोंडावर कुणी बोलत नव्हतं अशा काळात, त्याच्या राज्याबद्दलचं सगळ्यात स्वच्छ वाक्य बाईच्या नावाने, बायका वापरत असलेल्या लिपीत लिहिलं गेलं आणि राजाला ते इतकं झोंबलं की त्याला अक्षरांची भीती वाटू लागली. राजवाड्यातल्या बायका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विषाची कुपी आणि दारामागे कान लावलेली सवत येते. हे कागद का येत नाहीत? मालिका लिहिणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे की एकदा तरी कथेचा मध्य गेगुमच्या बैठकीत धरावा. तिथून तोच राजवाडा बघितला तर कोण कुणाला नादी लावत होतं, याचं उत्तर फार वेगळं येईल.

आणि सत्तापालटानंतर काय झालं तेही दाखवावं, कारण जवळजवळ प्रत्येक कथा त्या रात्री संपते, जणू जुलमी राजा गेला आणि राजवाड्यात उजेड पडला. सत्तापालट अधिकृत ठरायला राजमाता जासुनचा हुकूम लागला. तिच्याकडून तो मिळवण्यात आला आणि तिचाच मुलगा राजा झाला. नव्या राजाची राणी ही पदच्युत राणीची भाची होती. तिचे वडील बंडात सामील झाले नाहीत म्हणून मारले गेले होते. मारेकऱ्यांना तिची भीती वाटली, तशीच जशी सॉन्गजोंगला युनची वाटली होती. सात दिवसांत तिचं राणीपद गेलं. नवरा राजा होता, त्याने तिला सोडलं. पुढची पन्नास वर्षं ती एकटी राहिली आणि 1557 साली वारली. तिला राणी म्हणून मान्यता मिळाली 1739 साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर 182 वर्षांनी. तलवारीपुढे उभी राहिलेली थोरली शिन राणीही पदच्युत झाली. तिचे कोवळ्या वयाचे मुलगे विष देऊन मारले गेले, राजाच्या इतर मुलग्यांनाही सोडलं नाही. 1512 साली तिने अर्ज केला, तो मान्य होऊन तिच्या नवऱ्याची समाधी बेटावरून आजच्या सोलच्या दोबोंग भागात हलवण्यात आली.

राजवाड्यात गोळा केलेल्या त्या कलावंतिणींचं काय झालं, त्याचा काही माग सापडतो तो पार्क वॉन-जोंगच्या मृत्यूच्या नोंदीत. तो 1510 साली गेला. जुलमी राजाला हटवणारा वीर, बहिणीच्या अब्रूसाठी पेटून उठलेला भाऊ. त्याच्याबद्दल इतिवृत्तकाराने लिहून ठेवलं आहे की यॉनसान पडल्यावर राजवाड्यातून बाहेर आलेल्या नामांकित कलावंतिणींपैकी पुष्कळजणी त्याने आपल्या ताब्यात घेतल्या, त्यांना दासी केलं आणि त्यांच्यासाठी वेगळी घरं बांधून तिथे ठेवलं.